साळखात्यातील ओल

मुंबईच्या कापड गिरण्यांत साळखात्याचे, म्हणजे कापड विणण्याच्या खात्याचे, दार अस्पृश्य कामगारांना बंद होते, ही गोष्ट आपल्या चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एका पाळीतल्या माणसाच्या थुंकीने ओला झालेला धोटा दुसऱ्या पाळीतल्या माणसाच्या ओठांना लागे. पहिला महार आणि दुसरा सवर्ण असला तर बाट होई. आपल्याकडे पुष्कळदा हे 'तुटलेला धागा तोंडाने जोडावा लागे' असे सांगितले जाते. तपशील तेवढा चुकीचा आहे. जोडणे हाताचे होते, ओढणे तोंडाचे होते. अर्थ मात्र तोच राहतो.

एवढे सांगून आपण थांबतो. परंतु त्या खात्यात आणखी एक ओल होती. ती थुंकीची नव्हती, हवेची होती. आणि ती गिरणीने मुद्दाम, खर्च करून, यंत्रे लावून निर्माण केलेली होती. ती किती असावी ह्याचे कोष्टक होते, ती मोजण्याचे साधन भिंतीवर टांगलेले होते, तिची नोंदवही होती. ह्या दुसऱ्या ओलीविषयी आपल्या लिखाणात फारसे काही सापडत नाही. ती काय होती, कोणासाठी होती आणि तिच्यात उभे राहणाऱ्याच्या शरीराचे काय होत होते, हे प्रस्तुत लेखात समजावून घ्यावयाचे आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत एका लाकडी पट्टीवर शेजारी शेजारी दोन तापमापक बसवलेले आहेत. एकाचा पारा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली. मी विद्यार्थी असताना ह्या साधनाचा धडा पाठ केला तो हवामानखात्याच्या संदर्भात. पुस्तकात पाऊस होता, ढग होते, दव होते, गिरणी नव्हती. माझे आजोबा ज्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे रिंग फ्रेमवर, जन्मभर राबले, तिथे हेच साधन त्यांच्या डोक्यावर टांगलेले होते, हे मला नोकरी लागल्यावर कळले. मी त्यांना चित्र काढून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "दोन नळ्यांचं ना? होतं की. कारकून येऊन बघून जायचा. आम्हांला वाटायचं सायबाचं घड्याळ आहे." त्यांना ते कोणी समजावून सांगितले नाही, आणि मला ज्यांनी समजावून सांगितले त्यांना त्यांची गिरणी ठाऊक नव्हती. आपल्या शिक्षणातली ही फट लहान नाही.

आता मूळ गोष्ट. हवेत पाण्याची वाफ सामावते, पण किती सामावेल हे हवेच्या तापमानावर ठरते. २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. हवेत मावण्याजोगी वाफ जेवढी, तिच्यापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे, ह्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. समजा, ३० अंशांच्या हवेत १५ ग्रॅम वाफ आहे. म्हणजे आर्द्रता पन्नास टक्के झाली. आता पाण्याचा एक थेंबही न काढता ती हवा नुसती ४० अंशांपर्यंत तापवा. वाफ तेवढीच राहिली, पण हवेची भूक वाढली. आर्द्रता तीस टक्क्यांवर उतरली. हवा 'कोरडी' झाली.

गिरणीत नेमके हेच होते. यंत्रांना दिलेली जवळजवळ सगळी शक्ती घर्षणातून अखेर उष्णतेत जाते. १०० किलोवॅटची यंत्रे चालली म्हणजे त्या खोलीत जवळजवळ १०० किलोवॅटची शेगडी पेटली. मुंबईत समुद्राची दमट हवा कापडधंद्याला अनुकूल होती हे खरे, पण बाहेरची दमट हवा आत येऊन तापली की कोरडी पडते आणि सुताला हवी तशी राहत नाही.

सुताला ओल का हवी? कापसाचा तंतू ओल शोषतो आणि ओलसर असताना अधिक बळकट व लवचिक असतो. कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यात वीज साठते, तंतू एकमेकांना दूर लोटतात, हवेत उडतात, सूत केसाळ होते व तुटते. ताण्याला लावलेली खळ कोरडी पडली की तीही फुटून झडते. म्हणून पिंजण्याच्या खात्यात ओल कमी, कताईत सुमारे पंचावन्न-साठ टक्के आणि साळखात्यात सर्वांत जास्त, पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात, अशी चढती मागणी असते. ह्यात व्यापाराचाही एक पदर आहे. सूत वजनावर विकले जाते, आणि हवा ओली असली की पाणीही सुताच्या भावाने विकले जाते. म्हणूनच कापडधंद्याने १०० किलो कोरड्या कापसामागे ८.५ किलो पाणी हे प्रमाण ठरवून घेतले. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला फसवू नये एवढ्यासाठी ओलीचा हिशेब दशांशापर्यंत नेला गेला.

ओल हवेत घालण्याचे मार्ग दोन. एक, बॉयलरची वाफ नळांनी खोलीत सोडणे. दुसरा, थंड पाण्याचे बारीक तुषार उडवणे. दोहोंनी सुताचे काम होते. माणसाच्या बाबतीत मात्र दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ किलोवॅट-तास एवढी उष्णता लागते. तुषार हवेत विरतात तेव्हा ही उष्णता ते खोलीतल्या हवेतूनच घेतात. म्हणजे हवा ओली होते आणि थोडी निवतेही. १०० किलोवॅटची यंत्रांची धग शोषायला ताशी दीडशे लिटर पाणी हवेत विरावे लागेल, आणि ही दमट झालेली हवा सतत बाहेर काढून ताजी हवा आत घ्यावी लागेल. त्याला पंखे हवेत, हवा धुण्याची खोली हवी, विजेचा खर्च हवा. वाफेचे तसे नाही. तिच्यात उष्णता आधीच भरलेली आहे. ती सोडली की ओल वाढते आणि उकाडाही वाढतो. पण बॉयलर गिरणीत होताच. नळाला भोक पाडले की काम झाले.

ह्या प्रकाराची सुरुवात आपल्याकडची नाही. ती इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातली आहे, आणि तिच्याशी आपल्या कापसाचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या पश्चिम हिंदुस्थानच्या कापसावर चालल्या. त्याला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. हा आखूड धाग्याचा कापूस तुटायचा, म्हणून सुताला चिनी मातीची जाड खळ चढवली जाऊ लागली. अशी खळ कोरडी पडू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडण्याचा परिपाठ वाढला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, पण मातीची खळ राहिली, कारण माती कापसापेक्षा स्वस्त आणि वजनाला भारी. तिथल्या विणकरांनी ह्या वाफेविरुद्ध दीर्घकाळ ओरड केली आणि १८८९ साली पार्लमेंटला कायदा करून हवेतील ओलीवर मर्यादा घालावी लागली.

पुढे अमेरिकेत हवा धुऊन, तिचे तापमान आणि ओल दोन्ही ठरवून कारखान्यात सोडण्याची यंत्रे निघाली. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी असे यंत्र आखले, कारण दमटपणाने कागद फुगत-आकसत होता आणि एकावर एक छापायचे रंग जुळत नव्हते. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर ह्या गिरणी-अभियंत्याने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द वापरला, तो सूतगिरण्यांच्या हवेसाठी. आज ज्या शब्दाचा अर्थ आपण साहेबाची थंड केबिन असा करतो, तो शब्द जन्मला सुताच्या सोयीसाठी. कागदाला त्रास होत होता, सुताला त्रास होत होता. त्यांच्यासाठी शास्त्र कामाला लागले.

माणसाला काय होते? शरीर राबते तेव्हा आत उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्याचा उकाड्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. वाळतानाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच वाफ ठासून भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी जाते, मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते. म्हणून माणसाच्या बाबतीत कोरड्या पाऱ्याचा आकडा अपुरा आहे. खरा आकडा ओल्या पाऱ्याचा. चिंधीतले पाणी वाळताना जेवढे निवू शकते, साधारण तेवढीच घामालाही निवण्याची सोय असते. कोरडा पारा ३४ अंश आणि आर्द्रता चाळीस टक्के असेल तर ओला पारा २४ च्या आसपास असतो. माणूस काम करू शकतो. कोरडा पारा तोच ३४, पण आर्द्रता ऐंशी टक्के केली की ओला पारा ३१ वर जातो. भिंतीवरचे साधे उष्णतामापक दोन्ही वेळा एकच आकडा दाखवील. ओला पारा ३५ अंशांवर टिकला तर निरोगी माणूसही काही तासांत दगावू शकतो, असे शास्त्रज्ञांनी २०१० साली हिशेबाने मांडले. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत, हलक्या हालचालीतसुद्धा दमट हवेत शरीराचा तोल सुमारे ३१ अंशांनाच सुटू लागतो, असे दिसले. रिंग फ्रेमवर आठ तास फेऱ्या मारणे ही हलकी हालचाल नव्हे.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे १५ वे कलम ह्याच कृत्रिम ओलीविषयी होते. जुन्या नियमांत कापड गिरण्यांसाठी कोष्टक होते: कोरडा पारा अमुक असेल तर ओला पारा तमुकच्या वर जाता कामा नये, कोरडा पारा ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की वाफ सोडणे बंद, दिवसातून तीनदा वाचन घेऊन वहीत लिहायचे. आजोबांनी पाहिलेला कारकून त्यासाठीच येत होता. त्याच कलमात आणखी एक अट होती. हवेत उडवायचे पाणी पिण्याच्या सार्वजनिक पुरवठ्यातले असावे, नाहीतर नीट शुद्ध केलेले असावे. अट रास्तच आहे. घाण पाण्याचे तुषार फुप्फुसात जातात. परंतु ती वाचताना मला थांबावे लागले. आजोबा सुरुवातीच्या वर्षांविषयी सांगत की, खात्यातल्या पिंपातून त्यांना स्वतःच्या हाताने पाणी घेता येत नसे. कोणीतरी वरून ओतायचे आणि त्यांनी ओंजळ धरायची. वरच्या नळांतून तेच पिण्याचे पाणी तुषार होऊन सगळ्यांच्या अंगावर सारखे पडत होते. त्या पाण्याला कोणी बाटवू शकत नव्हते, कारण ते सुतासाठी होते.

इथे एक अडचणीची गोष्ट नोंदवली पाहिजे. कामगार नेहमीच ओलीच्या विरोधात होता असे समजणे भाबडेपणाचे होईल. साळखात्यातला मोबदला उक्त्या कामावर, म्हणजे निघालेल्या कापडावर होता. सूत तुटले की साचा थांबतो, साचा थांबला की पगार थांबतो. तेव्हा खिडकी उघडून वारा घेणारा विणकर स्वतःचाच पगार कापत असे. उक्त्या पद्धतीने सुताची गरज कामगाराच्या पोटात नेऊन बसवली होती. मुकादमाने खिडक्या बंद करायला सांगण्याची गरज उरत नसे. कोरडी हवा चांगली आणि ओली वाईट असेही नाही. फार कोरड्या हवेत रुवा उडतो, आणि कापसाची धूळ छातीत जाऊन होणारा रोग ओलीपेक्षा कमी भयंकर नाही. प्रश्न ओल असावी की नसावी हा नाही. ती वाफेने द्यायची की तुषारांनी, हवा किती खेळवायची, त्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि आकडा कोणाच्या गरजेवर ठरवायचा, हा आहे.

ह्या पार्श्वभूमीवर १९२८ कडे पाहावे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्यानंतर सुमारे वर्षभराने, एप्रिल १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना बजावले की, साळखात्यात अस्पृश्यांना घेण्याचा हक्क मागण्यांत आला पाहिजे. पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने घेतली. मालकांकडून उत्तर आले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही; म्हणजे हा कामगारांचा आपापसांतला मामला. ह्या उत्तरात अर्धे सत्य होते, म्हणूनच ते झोंबणारे होते. चांगल्या पगाराचे खाते स्वतःकडे राखण्यात सवर्ण कामगाराचा स्वार्थ होताच.

पण उरलेले अर्धे असत्य आज तंत्राच्या बाजूने तपासता येते. धोटा तोंडाने ओढण्याची सक्ती यंत्राची नव्हती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यांवर क्षयाच्या भीतीने १९११ सालीच बंदी घातली होती. हाताने ओवता येणारा धोटा अस्तित्वात होता. आपोआप कांडी बदलणारे साचे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाले होते. तेव्हा 'आम्ही जबाबदार नाही' असे म्हणणारा मालक सुतासाठी ओल आणायला नळ टाकत होता, पण ओठांची ओल टाळणारा धोटा घेत नव्हता. तो घेतला असता तर सवर्ण विणकराची फुप्फुसे वाचली असती आणि बाटाची सबबही उरली नसती. जातीला जे निमित्त हवे होते ते जुन्या धोट्याने पुरवले. जाणाऱ्याला मात्र दुसरे काही निमित्त सापडलेच असते, अशी शंका मला येते. साळखाते उघडले असते तर धोट्याऐवजी पाण्याचे पिंप पुढे आले असते.

साळखात्यात शिरण्याचा हक्क मागताना आपण त्या खात्याची हवाही मागून घेत होतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते, आणि तो दोषही नव्हे. अधिक पगाराच्या कामाचा हक्क आधी. त्या कामाची हवा नंतर. पण 'नंतर' आले का? १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावात मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत आणि मॉलमध्ये हवा माणसासाठी थंड केली जाते. तिथे झाडू मारणाऱ्याला ती फुकट मिळते, इतकेच. आधुनिक कापड कारखान्यांत धोटा राहिलेला नाही, सूत हवेच्या झोताने जाते. तिथे ओली हवा थेट ताण्यावर सोडून उरलेल्या खोलीत ओल कमी ठेवण्याची सोय करता येते, म्हणजे सुताची गरज आणि माणसाची गरज वेगळी करणे आता शक्य झाले आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या दाटीवाटीच्या यंत्रमाग शेडमध्ये ही चैन कोण करणार? तिथे वारा अडवण्यासाठी खिडकी बंद करणे आणि जमिनीवर पाणी मारणे हाच ओल राखण्याचा स्वस्त उपाय.

नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. तिच्यात वायुवीजन, तापमान, ओल ह्यांचा उल्लेख आहे, पण मर्यादा ठरवणे नियमांवर सोपवले आहे. आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या तिच्यात २० कामगारांपासून सुरू होते. दहा-बारा माणसांची शेड ह्या व्याख्येच्या बाहेर. जुन्या कायद्याखाली केंद्राने राज्यांसाठी केलेल्या नमुना नियमांत एक साधा आकडा होता: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ओला पारा ३० अंशांच्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला निदान ३० मीटर खेळती असावी. हा आकडा सुतासाठी नाही, माणसासाठी आहे. संघटनेला मागणीपत्रात घालायला तो पुरेसा आहे.

तो मोजायला कारकुनाची गरज नाही. बाजारात मिळणारे दोन सारखे तापमापक घ्यावेत. आधी दोन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून ते एकच आकडा दाखवतात ना, हे पाहावे. एकाच्या फुग्याला चिंधीचे एक टोक गुंडाळून दुसरे टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडावे. बाटली फुग्यापासून थोडी दूर ठेवावी. साच्यांच्या मधल्या गल्लीत, छातीच्या उंचीवर, भिंतीपासून लांब धरावे आणि पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घालावा. ओला पारा उतरायचा थांबला की दोन्ही आकडे लिहावेत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पाळी सुटण्याआधी एकदा. वहीत तारीख, वेळ, कोरडा, ओला आणि खिडक्या उघड्या की बंद, असे पाच रकाने आखावेत. चिंधी मात्र धुतलेल्या जुन्या सुती धोतराची किंवा मलमलीची घ्यावी. टेरिकॉट पाणी नीट शोषत नाही.